तळाखालचा आवाज

समुद्राला कुणी नाव दिलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी शिंपल्या राहत होत्या. मेलेल्या शिंपल्यांचा चुरा तिथेच साचायचा, त्याचा पांढरा चिखल व्हायचा आणि तळ थोडा वर यायचा. थोरली शिंपली सांगायची, "अजून थोडं वर, पोरींनो. उजेड आपलाच आहे."

बिळं खणणारी एक कुर्ली एकदा फार खोल गेली. परत आली ती मागे वळून बिळाकडे पाहत होती.

"काय गं, काय पाहिलंस?" थोरलीने विचारलं.

"मावशी, आपल्या चिखलाखाली उन्हाने तडकलेली जमीन आहे. तिच्याखाली तुझ्यासारख्याच शिंपल्या, सगळ्या मेलेल्या. त्यांच्याखाली पुन्हा तडकलेली जमीन, पुन्हा शिंपल्या. शेवट लागलाच नाही. आता थांबा. वर वीतभरच पाणी उरलंय."

थोरली हसली. "त्यांना जमलं नसेल. आपलं तसं नाही."

कुर्ली मागे सरकली. "खाली एक आवाज येत होता, मावशी. तू आत्ता बोललीस तेच बोलत होता. आवाजही तुझाच होता."

थोरलीने तिच्याकडे पाठ फिरवली.

पुढे तळ उजेडाला टेकला. पाणी ओसरलं, शिंपल्या तोंडं उघडून वाळल्या, चिखलाला भेगा पडल्या. युगं गेली. जमीन हळूहळू खचली, समुद्र परत आला आणि त्या भेगांवर नव्या शिंपल्या राहू लागल्या. एक नवी कुर्ली बीळ खणत खाली गेली आणि मागे वळून बिळाकडे पाहत वर आली.

"काय गं, काय पाहिलंस?" नव्या थोरलीने विचारलं.