निळे हात आणि नावाड्याचा साबण

पुष्कळ वर्षं लोटली या गोष्टीला. इतकी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक नावाडी आणि त्याची बायको राहत होती.

नावाडी शीळ घालत लोकांना होडीतून पैलतीरी नेई. बायको कापड रंगवी. परसातल्या छपरीखाली, जमिनीत अर्धा पुरलेला, तिचा मोठा रांजण होता. त्यात नीळ मुरत असे. ती लग्न होऊन आली तेव्हा आईने तिच्याबरोबर माहेरच्या रांजणातलं तांब्याभर निळं पाणी दिलं होतं. दुधाला विरजण लावावं तसं ते तिने नव्या रांजणाला लावलं, आणि तेव्हापासून तो रांजण जिवंत होता.

हो, जिवंतच. कारण नीळ म्हणजे नुसती रंगाची भुकटी नव्हे. तिला गूळ लागतो, कोंडा लागतो, चिमूटभर चुना लागतो, ऊब लागते. रोज सकाळी तिची विचारपूस करावी लागते. नाहीतर ती रुसते, आणि एकदा रांजण मेला की त्यात बुडवलेलं कापड नुसतं मळकं होऊन बाहेर येतं.

या रोजच्या कामाने त्या बाईचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. नखंसुद्धा निळी. काठावर उभं राहून तिने हात हलवला, की नदीच्या मध्यावरून नावाड्याला ओळखू येई, जेवण तयार आहे.

पुढे राजाने नदीवर दगडी पूल बांधला. लोक खूश झाले. गाड्या, बैल, मेंढ्या सगळं पायी जाऊ-येऊ लागलं. राजा भला होता. त्याने नावाड्याला जन्मभराचा शिधा बांधून दिला. पोटाचा प्रश्न मिटला. पण ज्या हातांनी उभा जन्म वल्हं मारलं, त्या हातांनी आता करायचं काय?

नावाडी घरभर फिरे. उतरंडीवरची मडकी इकडची तिकडे करी. कावळ्यांना हाकली, मांजराला शिस्त लावी.

"अहो, माझ्या चुलीशी काय चाललंय तुमचं?" बायको विचारी.

"काही नाही. लाकडं नीट लावतोय."

"सकाळपासून तीच लावताय! हाताला काहीतरी चाळा लावून घ्या बघू. नाहीतर एक दिवस मलाही उचलून फडताळात नीट लावून ठेवाल."

नावाडी हसला, पण ते त्याच्या मनाला लागलं.

त्याच सुमारास पुलापलीकडच्या आंब्याखाली बैलांचा एक तांडा उतरला होता. तांड्यातली एक म्हातारी कढईत काहीतरी घोटत बसलेली नावाड्याला दिसली. तो जवळ गेला.

"आजी, काय शिजवताय?"

"साबण. खायचा विचार असेल तर पुढं जा. शिकायचा असेल तर बस."

नावाडी बसला. केळीच्या वाळलेल्या खांबांची राख पाण्यात भिजवायची आणि वरची निवळ काढून घ्यायची. ती जिभेला झोंबेल इतकी तिखट असते. करंजाचं आणि खोबऱ्याचं तेल गरम करून त्यात ही निवळ धार धरून ओतायची, आणि मंद आचेवर घोटत राहायचं. शेवटी मूठभर मीठ घातलं की साबण वर येऊन घट्ट होतो. मग करवंट्यांत ओतून सावलीत सुकवायचा.

"तेल मऊ, राख तिखट," म्हातारी म्हणाली. "तेल जास्त झालं तर साबण गुळगुळीत होतो, फारसा मळ काढत नाही. राख जास्त झाली तर मळाबरोबर कातडीही नेतो. बाकी सगळं घोटता घोटता कळेल."

नावाड्याचा पहिला साबण ताकासारखा पातळ झाला. दुसरा इतका कडक झाला की बायकोने तो दाराला अटकण म्हणून लावला. पण वल्ह्याची सवय असलेले हात घोटण्याला कंटाळणारे नव्हते. हळूहळू त्याला अंदाज येऊ लागला आणि एक दिवस करवंटीतून सायीसारखी मऊ, पिवळसर वडी निघाली.

नावाडी मुलासारखा हरखला. त्याने वड्या गावभर वाटल्या. कुंभाराला दिली, मेंढपाळाला दिली, शेजारच्या बाळंतिणीला दिली. गाव त्याचं कौतुक करू लागलं. सकाळी अंगणात कढई चढे, आणि घोटता घोटता नावाडी शीळ घाली. त्या शिळेच्या तालावर परसात बायकोचं काम चाले.

असे दिवस मजेत चालले होते. मग गावात एक लग्न निघालं.

नवरीला हळद लावायला बायका जमल्या. नावाड्याची बायको, म्हणजे आपली रंगारीण, तीही उठली. तिने हळदीत हात घालण्याआधीच नवरीची आत्या ओरडली, "अगं बाई, तू नको! पिवळ्यात निळं मिसळलं तर आमची नवरी हिरवी होईल!"

सगळा मांडव हसला. रंगारीणही पोट धरून हसली.

नावाडी मात्र हसला नाही.  त्याला वाटलं, माझ्या बायकोला चारचौघांत हसले. तीही बिचारी वरवर हसली. तिच्या मनाला किती लागलं असेल! मी गावाचे हात उजळ केले आणि माझ्याच घरातले हात तसेच ठेवले.

त्याने ठरवलं, हे हात निळे ठेवायचे नाहीत. बायकोला विचारायचं त्याला सुचलंच नाही. चांगली गोष्ट करायला विचारायचं कशाला?

त्याने तेल कमी केलं आणि राखेची निवळ वाढवली. वर थोडा चुनाही घातला. वडी तयार झाल्यावर आपल्या तळव्यावर घासून पाहिली. काहीच झालं नाही. होणार कसं? वल्ह्याने त्याच्या तळव्यांना बैलाच्या खुरासारखे घट्टे पडले होते.

"हे घे," तो बायकोला म्हणाला. "खास तुझ्यासाठी केलाय. रोज याने हात धू."

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड नुसतं फुललं होतं. तिने हात धुतले. एकदम श्वास आत ओढला. नावाड्याला वाटलं, पाणी गार असेल.

"कसा आहे?"

"छान आहे हो," ती म्हणाली.

काही दिवसांत निळा रंग फिका पडू लागला. नावाड्याला हुरूप आला. पुढची वडी त्याने आणखी तिखट केली, त्याच्या पुढची त्याहूनही. कुंभारीण घरी आली की तो म्हणे, "अगं, दाखव ना हात!" बायको पदराखालून हात काढी, जरासे दाखवी आणि पुन्हा पदराखाली घेई.

घरात काही गोष्टी बदलत होत्या. भाकऱ्या वाकड्या होऊ लागल्या. बायको आमटीत बोट घालीनाशी झाली, कोरडाच घास खाऊ लागली. नावाडी मनात म्हणे, वय झालं आता आपलं. आणि शीळ घालत कढईकडे वळे.

एका सकाळी राख संपली म्हणून तो परसातून केळीकडे निघाला. छपरीजवळ त्याची पावलं थांबली. रांजणावर रोज तांबूस चमकणारा निळा फेस असे. आज तो नव्हता. नुसतं राखाडी, मेलेलं पाणी. इतक्या वर्षांत, आजारपणातसुद्धा, बायकोने रांजणाची अशी दशा होऊ दिली नव्हती.

त्याने छपरीच्या मागे पाहिलं. बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने दोन्ही हातांना तूप चोळून वर केळीची कोवळी पानं गुंडाळली होती. त्याला पाहताच तिने हात पदराखाली लपवले.

नावाड्याने खाली बसून पदर बाजूला केला. पानं सोडली. हात निळे नव्हते. लाल होते, आणि उन्हाळ्यातल्या तळ्याच्या मातीसारखे भेगाळले होते.

 तो म्हणाला, "हे माझ्या साबणाने झालं?"

बायकोने पानं पुन्हा हातांवर ओढून घेतली.

"आणि तू रोज धूत राहिलीस? मला सांगितलं का नाहीस?"

"पूल झाल्यापासून तुम्ही शीळ घालायचं विसरला होतात," ती म्हणाली. "ती पुन्हा ऐकू यायला लागली होती. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाने ती बंद पडावी, असं मला वाटेना."

नावाड्याचे डोळे भरून आले. "अगं, मी हे तुझ्यासाठीच करत होतो. त्या लग्नात सगळे तुला हसले."

"मीही हसले होते."

"तू वरवर हसलीस."

"नाही हो! मला खरंच हसू आलं. हिरवी नवरी!" आणि तेवढ्या दुखण्यातही तिला पुन्हा हसू फुटलं. मग ती गंभीर झाली. "माझ्या आईचे हात असेच होते. आजीचेही. लहानपणी मला वाटायचं, मोठी झाली की प्रत्येक बाईचे हात निळे होतात. माझे पहिल्यांदा झाले त्या दिवशी मी गावभर दाखवत फिरले होते. मला त्यांची लाज कधीच वाटली नाही. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"मी विचारलं नाही," नावाडी म्हणाला.

"आणि मी सांगितलं नाही. चूक अर्धी तुमची, अर्धी माझी. पण रांजण बिचारा दोघांच्या मधे सापडलाय. या हातांना त्यातला चुना सोसत नाही. तो मरायला टेकलाय. आता माहेरी माझं कुणी नाही, की जाऊन तांब्याभर पाणी आणावं."

नावाडी उठला. बंडीच्या बाह्या वर सारल्या आणि रांजणापाशी जाऊन बसला.

"मी घालतो हात. तू सांग."

त्याने पाण्यात हात घातला आणि जोराने ढवळलं.

"अहो, वल्हं मारताय का! वारा शिरला की नीळ बिघडते. हळू. तान्ह्या बाळाला पाण्यात फिरवावं तसं."

नावाड्याने हळू फिरवलं. तिने सांगितला तेवढा गूळ घातला, कोंडा घातला, चिमूटभर चुना घातला. भोवती शेणीची धग ठेवली आणि रांजणाला गोधडी पांघरली.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. नावाडी कढईकडे फिरकला नाही. रांजणाशी बसून राही, गोधडी उचलून वास घेई, आणि बायको सांगेल तसं करी. मधून मधून तो तिच्या हातांना कोरफडीचा गर लावी.  दोघांपैकी कुणालाच मोठ्याने म्हणवत नव्हतं, की कदाचित उशीर झाला.

मग एका सकाळी त्याने गोधडी बाजूला केली आणि तो ओरडला, "अगं ये! लवकर ये!"

पाण्यावर तांबूस साय धरली होती आणि मधोमध निळा फेस कमळासारखा उमलला होता. बायकोने सुताची एक लडी काठीवर घेऊन आत बुडवली. बाहेर आली तेव्हा ती हिरवी होती. दोघं श्वास रोखून पाहत राहिले. वारा लागला तशी लडी हळूहळू निळी होत गेली, आकाशासारखी गडद निळी.

बायको खाली बसली आणि मनसोक्त रडली. नावाडी तिच्या शेजारी बसला. निथळत्या निळ्या हातांनी तिचे डोळे पुसायचं त्याला धाडस होईना, म्हणून त्याने ते आपल्या खांद्याला पुसू दिले.

तिचे हात बरे होऊन पुन्हा निळे झाल्यावर एक दिवस त्याने विचारलं, "आता खरं सांग. तुला साबण हवा का? आणि हवा तर कसा?"

तिने जरा विचार केला. "रंग राहू द्या. वास काढा."

"कसला वास?"

"रांजणाचा. हात कितीही धुतले तरी घास तोंडाशी नेला की तो आधी येतो. इतकी वर्षं झाली, मी आंबा कधी आंब्याच्या वासाने खाल्ला नाही."

नावाडी थक्क झाला. एका ताटलीत जेवून त्याला हे ठाऊक नव्हतं!

त्याने भरपूर तेल घातलं, राखेची निवळ जपून घातली, आणि वाळ्याची मुळं उकळून त्याचं पाणी मिसळलं. पहिली वडी बायकोने आधी मनगटावर लावून पाहिली. "अजून थोडी मऊ," ती म्हणाली. त्याने थोडी मऊ केली. दुसरी वडी तिला आवडली. तिने हात धुतले, आंबा हातात घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. हात निळेच होते.

त्यानंतरही नावाडी साबण करत राहिला, पण देण्याआधी तो प्रत्येकाला विचारू लागला. मेंढपाळ म्हणाला, "वासाचा नको, मेंढ्या बुजतात." बाळंतीण म्हणाली, "डोळ्यांत न झोंबणारा द्या." आणि पुलाजवळ एकटा राहणारा म्हातारा म्हणाला, "साबण पुष्कळ आहे रे. तू घटकाभर बस." नावाडी वड्यांची टोपली खाली ठेवून त्याच्याशेजारी बसला.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनोही, एवढं मनात ठेवा: प्रेमाने द्यायचं तेही विचारून द्यावं, आणि प्रेमाने दिलेलं बोचलं तर तेही प्रेमानेच सांगावं.