पालथं आभाळ

कोरियातल्या ब्योलमोत गावात एक तळं आहे. गावाच्या नावाचा अर्थच मुळी ताऱ्यांचं तळं. काठाशी एक काळी शिळा आडवी ठेवली असून तिच्यावर सगळं आभाळ कोरलंय. आपला अभिजित तारा तो तिथली विणकरीण, आपला श्रवण तिचा गुराखी नवरा, आणि दोघांच्या मधून वाहते आकाशगंगा. शिळा सुंदर आहे, पण आरशात दिसावं तशी उलटी.

मी नीट बघायला वाकले तोच एक बेडूक पाण्यात उडाला, आणि दचकून मीही त्याच्यामागे जाणार होते. गाव दाखवणाऱ्या योंगसुन आजींनी दंड धरून मागे ओढलं. "सावकाश, पोरी. हे तळं एका पोरीपायीच खणलंय." मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी इथे मानसोक नावाचा कारागीर होता. मठातल्या पोथ्यांचे लाकडी ठसे कोरावेत तर त्यानंच. म्हणून आभाळाची शिळाही गावानं त्यालाच दिली, म्हणे. लाकडावर मूळ कागद पालथा चिकटवतात. कोरलेलं उलटं दिसतं, छाप सुलटी येते. दगडाचं तसं नाही. दगडावर ओला कागद दाबून वरून शाई थोपटतात. दगडात जसं, तसंच कागदावर. पण जन्माची सवय. मानसोकनं दगडावरही कागद पालथाच चिकटवला. काहींना खटकलं, असं सांगतात. पण मानसोकला चूक कोण दाखवणार?

त्याची मुलगी बुनी. तिचा नवरा उत्तरेच्या किल्ल्यावर शिपाई होता. हिवाळ्यात तो आजारी पडला आणि त्याचा निरोप आला: "घाटातल्या ओढ्याला आकाशगंगा समज. विणकरीण बसते तो काठ धर. दुसरा काठ दरीत जातो."

ती निघाली तेव्हा मानसोक म्हणाला, "सांभाळून गं. तुझं डावं-उजवं मला ठाऊक आहे. लग्नात नवऱ्याच्या भलत्याच बाजूला बसली होतीस!"

"म्हणून तर तुमच्या शिळेची छाप घेतलीय, बाबा. मी चुकेन, तुमचा हात नाही चुकायचा."

घाटात बर्फ पडत होता, आभाळ दिसत नव्हतं. तिनं कागद उघडून पाहिला आणि ओढा ओलांडला.

वसंतात नवराच बरा होऊन परत आला. तिला शोधत शिळेपाशी थांबला आणि म्हणाला, "मामा, विणकरीण या काठावर कशी?"

दगडात कोरलेलं खोडता येत नाही. मानसोकनं शिळेपुढे खणायला घेतलं आणि मरेपर्यंत खणत राहिला. पाणी भरलं तेव्हा त्यात आभाळ उलटं उतरलं, अगदी शिळेसारखं. शिळा खरी ठरली. बुनी मात्र आली नाही.

आजही गावातून कुणी दूर निघालं की घरचं माणूस त्याला तळ्यापाशी आणतं आणि विचारतं, "उजवा हात कुठला?" उत्तर शेंबड्या पोरालाही येतं. तरी तिथे कुणी हसत नाही. हात वर झाला की घरचं माणूस तो हातात घेतं, आणि लवकर सोडत नाही.