न काढलेली पिन

एकदा एका वाद्यवृंदात एक वृद्ध बासवादक होते, आणि त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेला त्यांचाच सुमेध नावाचा एक शिष्य होता. डोळा ठेवून म्हणजे वाईट अर्थाने नव्हे. हात थरथरू लागल्यामुळे मास्तरांनी स्वतःच निवृत्ती जाहीर केली होती. यंदाच्या दिवाळी पहाटेला त्यांच्या जागी कोण बसणार हे ठरायचे होते, आणि सुमेधने मनाशी पक्के केले होते की तिथे आपणच बसायचे.

बास गिटार, म्हणजे खर्जाचे सूर धरणारी गिटार, हे मोठे सोशिक वाद्य आहे. श्रोत्यांना ती वेगळी अशी ऐकू येत नाही. पण थांबली तर सगळे गाणे पोकळ वाटू लागते. सुमेधकडची गिटार नव्या पद्धतीची होती. तिच्या पोटात एक छोटी चौकोनी बॅटरी असे. तारांचा क्षीण आवाज आधी या बॅटरीच्या बळावर उचलला जाई आणि मग केबलमधून अँप्लिफायरकडे जाई.

घटस्थापनेच्या दिवशी सुमेधच्या आईने देवापुढे अखंड दिवा लावला. तो पाहून या पठ्ठ्यालाही स्फुरण चढले. त्याने गिटारीत नवी कोरी बॅटरी घातली, केबलची पिन गिटारीच्या खोबणीत खुपसली आणि संकल्प केला की निवड होईपर्यंत ही पिन काढायची नाही. साधनेत खंड पडता कामा नये! तो नोकरीवर जाई, जेवे, झोपे. गिटार मात्र कोपऱ्यात केबलला जोडलेली राही. घरी आला की उचलायची आणि वाजवायची. अशा माणसाला हसू नये. आपण तर संकल्प करतो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो.

नवरात्र सरले, दसरा झाला, कोजागरीही होऊन गेली. साधना वाढत होती, पण दिवाळी जवळ येऊ लागली तसा आवाज बिघडू लागला. आधी तो पातळ झाला, मग जोरकस स्वरांवर फाटू लागला. सुमेधने दोष स्वतःकडे घेतला. बोटांत ताकद नाही, असे म्हणून तो तारा अधिक जोराने छेडू लागला, तर आवाज अधिकच फाटला. मग त्याने सरावाचे तास वाढवले. बोटांना फोड आले, ते फुटले, त्यांवर चिकटपट्ट्या लावून तो वाजवत राहिला. बॅटरीची शंका त्याला आली नाही, असे नव्हे. पण ती नुकतीच घातलेली होती, आणि रोज वाजवूनही ती कित्येक महिने चालते, असे दुकानदाराने सांगितले होते.

निवडीच्या आदल्या दिवशी मास्तर त्याच्या घरी आले, तेव्हा हा जिद्दी मुलगा रडवेला झाला होता.

"मास्तर, माझ्या बोटांत दमच नाही. उद्या तुमचं नाव घालवणार मी."

"माझं नाव एवढ्यानं जात नाही. वाजव बघू."

सुमेधने वाजवले. मास्तरांनी मान कलती करून ऐकले, त्याची बोटे पाहिली, आणि आवाजाचे बटण शून्यावर आणून गिटारीतून पिन खेचून काढली. मग केबलची नीट गुंडाळी करून ती आपल्या पिशवीत टाकली.

"अहो मास्तर, उद्या निवड आहे!"

"म्हणूनच नेतोय."

"केबलशिवाय वाजवू कसं मी?"

"गिटारीच्या अंगाचं हे वर आलेलं शिंग आहे ना, त्याला कान लाव आणि हळू वाजव. कानाला पुरेल एवढंच. कंटाळा आला की ठेवून दे," असे म्हणून मास्तर चपला घालून चालते झाले.

सुमेधला संताप आला. ऐन वेळी गुरूने हत्यार काढून नेले, असेच त्याला वाटले. पण हार मानणे स्वभावात नव्हते. त्याने गिटारीच्या लाकडी शिंगाला कान टेकवला आणि हलकेच तार छेडली. स्वर बारीक होता, पण स्वच्छ होता. दुसरा छेडला, तोही स्वच्छ. जोर लावण्यात अर्थच नव्हता, म्हणून तो प्रथमच ऐकू लागला, आणि ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आले की आपली बोटे तयार आहेत. त्या आनंदात त्याने गिटार लवकरच ठेवून दिली.

सकाळी सभागृहात मास्तर केबल घेऊन आले. त्यांनी गिटार पालथी केली, मागचे छोटे झाकण उघडले, जुनी बॅटरी काढून नवी बसवली आणि पिन जोडून दिली. सुमेधने एक तार छेडली. आवाज असा भरून आला की तो चकितच झाला, आणि लगेच चिडला.

"म्हणजे बॅटरीच उतरली होती! हे तुम्हाला काल कळलं होतं? मग कालच का नाही बदललीत?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "काल बदलली असती तर तू फुटक्या बोटांनी आणखी बडवत बसला असतास. हे बघ, या वाद्याला चालू-बंद करायचं वेगळं बटण नसतं. पिन आत गेली की वीज सुरू, बाहेर आली की बंद. तू अँप्लिफायर बंद करून झोपायचास, पण हे बिचारं जागंच राहायचं. वाजवणारं कुणी नाही, ऐकणारं कुणी नाही, तरी खर्च चालूच. वीज उणी झाली की मोठा स्वर पेलत नाही, फाटतो. तो फाटला म्हणून तू जोर लावलास, आणि जोर लावलास म्हणून तो अधिक फाटला. तुझ्या घरचा दिवा अखंड तेवतो, कारण आई वेळोवेळी तेल घालते. तू त्यातलं अखंड तेवढं उचललंस आणि तेल विसरलास. जिद्द सोडू नकोस, बाळ. पण वाजवशील तेव्हा सगळा जीव ओत, आणि थांबशील तेव्हा खरोखर थांब."

नाव पुकारले गेल्यावर सुमेध उठला आणि वाजवायला बसला. त्याने कुठेही जोर केला नाही, आणि कुठे कमीही पडला नाही. वाद्यवृंदाच्या संचालिका इरावतीबाई फारशा कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "दिवाळी पहाटेला बास तुम्ही वाजवायचा. उद्या सकाळी आठला तालीम."

सुमेधने आपल्या चिकटपट्ट्या लावलेल्या बोटांकडे पाहिले. बाहेरच्या बाकावर आधी वाजवून गेलेले आणखी तिघे उमेदवार बसले होते, आणि त्यांतला कोणीही उद्याच काय, आत्ताही आला असता.

"बाई, मी परवापासून येईन."

इरावतीबाईंच्या कपाळावर आठी पडली. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते.

"बोटं फुटली आहेत माझी," सुमेध म्हणाला. "उद्या त्यांना विश्रांती दिली, तर दिवाळीपर्यंत एकही तालीम चुकवणार नाही. आणि उद्याच यायला हवं असेल, तर ही जागा तुम्ही दुसऱ्याला द्या."

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिले.

"परवा, आठला," त्या म्हणाल्या. "आणि उद्या गिटारीला हात लावलेला मला चालणार नाही."

कामावरून घरी येऊन ताटावर बसल्यावरही ज्यांची पिन तिकडेच अडकलेली असते, त्यांनी फाटक्या सुराचा दोष आपल्या बोटांना देण्याआधी ती एकदा काढून पाहावी.