राजाच्या पत्रिकेत पाणी

राजा उदेभान तळ्यात शिरले, ते बाहेर यायचं नावच घेईनात!

एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले अकरा दिवस झाले. कमरेएवढ्या पाण्यात सिंहासन मांडलेलं, त्यावर महाराज छातीपर्यंत बुडून बसलेले. शेजारी प्रधान त्र्यंबकपंत चवड्यांवर उभे, कारण ते बुटके. हुजऱ्याच्या डोक्यावर पानाचा डबा. सगळा दरबार शिंकत होता. फिर्यादी काठावरून ओरडायचे, महाराज आतून न्याय सांगायचे, आणि कागद भिजतो म्हणून निकाल कुणी लिहूनच घ्यायचं नाही!

झालं होतं असं. चीन देशाच्या गलबतातून लिनबाबा नावाचे म्हातारे ज्योतिषी सागवेळ बंदरात उतरले. त्यांची पत्रिका आपल्यासारखी बारा घरांची नव्हे बरं का. साल, महिना, दिवस आणि वेळ असे चार खांब. एकेका खांबावर दोन अक्षरं. आणि प्रत्येक अक्षर लाकूड, आग, माती, धातू नाहीतर पाणी, यांतल्या कुणाचं तरी. महाराजांचा जन्म त्यांच्या मोजणीत घोड्याच्या, म्हणजे आगीच्या सालातला, ऐन उन्हाळ्यातला, टळटळीत दुपारचा. लिनबाबांनी आठ अक्षरं मांडली आणि हरखून म्हणाले, "वा! नुसती आग, आणि तिला पेटवायला थोडं लाकूड. पाण्याचा थेंब नाही! पण..."

'पण' ऐकायला महाराज होते कुठे? ते तळ्याकडे पळत सुटले होते!

आता तळं होतं कुंभारवाड्याला लागून. तिथल्या चिकण मातीवर अख्ख्या वाड्याची चूल पेटायची. राजा आत बसल्यावर काठावर पहारे आले, माती बंद झाली, चाकं थांबली. निंबा कुंभारानं बोचकं बांधायला घेतलं.

"हौसे, चाक गाडीत चढव. दुसरं गाव बघू."

"चाक राहू द्या, आबा," त्याची लेक म्हणाली. "मी महाराजांनाच बाहेर काढते."

"काढते? महाराज म्हणजे काय म्हैस आहे?"

"म्हैस परवडली! ती दिवस मावळला की आपली आपण निघते!"

हौसा काठावर जाऊन उभी राहिली. "महाराज, बाहेर या. आमची माती अडलीय."

"माझ्या पत्रिकेत पाणी आणून दाखव, या घडीला येतो!" महाराज म्हणाले आणि शिंकले. "या पंतांनी पत्रिकेवर तांब्याभर पाणी ओतलं. अक्षरं वाहून गेली! लिनबाबांना पुन्हा लिहावी लागली. तेव्हापासून पंत इथं उभे आहेत. तुला जमलं नाही, तर सगळा कुंभारवाडा यांच्या रांगेत उभा करीन!"

हौसानं मागे कुंभारवाड्याकडे पाहिलं. पण शब्द निघून गेला होता.

"आठ अक्षरांचे आठ दिवस द्या, महाराज. आणि एक टोपली माती."

"ने."

"मग उजवा पाय उचला."

"काय?"

"चांगली माती नेमकी तुमच्या पायाखाली आहे."

दरबार आधीच गार होता, तो आणखी गार पडला! महाराजांनी हौसाकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं पाय उचलला.

हौसानं माती मळली, चाक फिरवलं आणि सारखी दोन मडकी घडवली. मडकी ओली होती तोवर ती लिनबाबांकडे गेली.

"बाबा, महाराजांची आठ अक्षरं दोन्हींवर कोरून द्या."

बाबांनी बांबूची काडी घेतली. सावकाश कोरत म्हणाले, "पोरी, माझं वाक्य अर्धंच राहिलंय गं."

"राहू द्या. आठव्या दिवशी पुरं करा."

आठव्या दिवशी सगळं गाव काठावर जमलं. हौसा दोन मडकी घेऊन थेट पाण्यात उतरली. एक करडं, एक लालबुंद. करडं तिनं महाराजांच्या हातात दिलं.

"ही तुमची पत्रिका. घाला पाणी."

महाराजांनी उत्साहानं ओंजळीवर ओंजळ घातली. मडकं मऊ झालं, बसकं झालं, आणि बघता बघता त्याचा चिखल होऊन महाराजांच्या छातीवरून ओघळला!

"अगं, माझी पत्रिका!"

"ती कच्ची होती, महाराज. तिनं आग पाहिलीच नव्हती. आता ही घ्या. ही दोन दिवस आव्याच्या भट्टीत भाजलीय. नुसती आग! पाण्याचा थेंब उरलेला नाही हिच्यात."

तिनं लाल मडकं काठोकाठ भरलं, बोटानं टणटण वाजवलं आणि सरळ महाराजांच्या डोक्यावर ठेवलं. गाव माना उंचावून बघू लागलं. थेंब गळेना!

"पाणी कुठं आहे, महाराज?"

"मडक्यात."

"मडक्यावर काय कोरलंय?"

"माझी... माझी पत्रिका!"

"मग आलं ना पाणी पत्रिकेत! आणि टिकलं कशामुळं? आगीमुळं! तुम्ही पाण्यात बसायचं नाही, महाराज, पाण्यानं तुमच्यात बसायचं! पेटत्या आव्यावर पाणी ओतलं तर सगळी मडकी तडकतात. आमच्याकडं शेंबडं पोरदेखील असलं काम करत नाही. तुम्ही एकोणीस दिवस करताय!"

महाराज मोठ्यांदा शिंकले. डोक्यावरचं मडकं पंतांनी वरच्या वर झेललं.

काठावरून लिनबाबांनी हात वर केला. "आता बोलू का? हं. पण... अशा भरल्या आगीवर पाणी घालू नये. ती चिडते. आगीची राख होते, राखेची माती. म्हणून अशा माणसानं मातीशी सलगी ठेवावी. एवढंच सांगायचं होतं!"

महाराजांनी खाली पाहिलं. छातीवर माती, दाढीत माती, हातांत माती! त्यांना हसू फुटलं. असे हसले, असे हसले, की सिंहासन कलंडलं आणि महाराज तोंडावर पाण्यात गेले! उठले तेही हसतच, आणि हौसाचा हात धरून काठावर चढले. त्यांच्यामागून प्रधान, हुजऱ्या, पानाचा डबा, सगळा दरबार निथळत बाहेर आला.

"आजपासून," महाराज म्हणाले, "लिनबाबांचं वाक्य पुरं झाल्याशिवाय माझ्या राज्यात कुणी जागचं हलायचं नाही! आणि हे लाल मडकं माझ्या पिण्याच्या पाण्याचं. आता तू माग, पोरी. काय देऊ?"

हौसानं महाराजांच्या चिखलानं बरबटलेल्या पायांकडे पाहिलं.

"उजव्या पायाखालची माती मिळाली, महाराज. आता डाव्या पायाखालची द्या!"

महाराज पुन्हा हसत सुटले. आणि त्याच हसण्यात त्यांनी तळं, काठ आणि काठाची सगळी माती कुंभारवाड्याला लिहून दिली. कोरड्या कागदावर!