प्रीतिभोजनातलं गाऱ्हाणं

फार जुन्या काळी, जेव्हा राजे आपसांत भांडत आणि घरं मात्र गरिबांची जळत, तेव्हा नदीकाठी एक गाव होतं. गाव मोठं प्रेमळ. पलीकडच्या मुलखात लढाई पेटली आणि तिथली पोरंबाळं जीव मुठीत धरून पळत आली, तेव्हा या गावाने त्यांना आपल्या कौलारू प्रार्थनामंदिरात ठेवून घेतलं. अंगाला कपडे दिले, निजायला चटया दिल्या. दर रविवारी उपासना संपली की प्रीतिभोजन असे. म्हणजे गावची आणि बाहेरची, सगळी पोरं एकाच पंगतीत बसून एकाच पातेल्यातलं जेवत.

त्या पंगतीची एक रीत होती. जेवणाआधी प्रत्येक मुलाने उभं राहून कशासाठी तरी देवाचे उपकार मानायचे. शेवटच्या मुलाचं सांगून होईपर्यंत कुणी घासाला हात लावायचा नाही. आता रीत काही वाईट नव्हती हो! गावची पोरं तर धडाधड सांगून मोकळी होत. "आमच्या गायीला कालवड झाली, उपकार." "आजीचा ताप उतरला, उपकार." झालं, बसले खाली.

या पंगतीत पहिल्यांदा बसली तेव्हा रिबका आठ वर्षांची होती. ती एकटीच आली होती. वाटेत भेटलेल्या बायकांनी तिला बजावून ठेवलं होतं, "तिथे शहाण्यासारखी वाग गं बाई. नाही तर परक्या पोरीला कोण ठेवून घेणार?"

तिची पाळी आली. ती उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. पंगत ताटकळली. खिचडी निवायला लागली.

"सांग ना गं! भूक लागलीय!" एक पोरगं कुरकुरलं.

मुलांना सांभाळणाऱ्या दीनाबाई मनाने लोण्यासारख्या, पण रीतीच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "आठव बाळ, काहीतरी असेलच."

रिबकाला आठवत होतं, तेच तर सांगण्याजोगं नव्हतं. शेवटी ती पुटपुटली, "आईसाठी उपकार."

"अगं बाई, किती गुणाची पोर!" सगळे म्हणाले आणि जेवायला लागले. हिची आई आहे कुठे, हे मात्र एकानेही विचारलं नाही. इतकं साधं विचारायला काय जड गेलं असतं? पण नाही सुचलं.

रिबका मात्र काय शिकायचं ते शिकली. दर रविवारी ती गोड गोड उपकार मानू लागली. पांघरुणासाठी, पेजेसाठी, दीनाबाईंच्या मायेसाठी. गावच्या बायका तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत. "बाकीच्यांनी हिच्याकडून शिकावं," असं म्हणत. मग बाकीची पोरं कशाला तिला जवळ करतील? लढाईतून आलेल्या पोरांना वाटे, ही पुढेपुढे करते. गावच्या पोरांना ती परकीच होती. खेळायच्या वेळी रिबका ओसरीवर एकटी बसे आणि रस्त्याने येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड न्याहाळत राही. रडायची तिला चोरी होती. रडणाऱ्या मुलीला कोण ठेवून घेणार?

अशात नव्या पिकासाठी देवाचे उपकार मानायचा, हंगामाचा सण आला. गावोगावचे पाहुणे येणार होते. दीनाबाई म्हणाल्या, "रिबका, आलेल्या सगळ्या मुलांच्या वतीने तूच बोल. तुझ्याइतकं छान कुणाला जमत नाही." त्यांनी वाक्य पाठ करून घेतलं, वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या.

सणाच्या दिवशी मंदिर गच्च भरलं. रिबका उभी राहिली. "देवाने आम्हां सगळ्यांना सुखरूप…"

तिथेच ती अडली. एवढं बोलून टाकलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, गोडाधोडाचं पान मिळालं असतं आणि तिची चटई पक्की झाली असती. पण 'सगळ्यांना' म्हटलं की आईसुद्धा त्यात आली, आणि ते काही केल्या तिच्या तोंडून निघेना.

"नाही आणलं," ती म्हणाली. "सगळ्यांना नाही आणलं. पुलावर गर्दी होती. मागे आग होती. आई म्हणाली, हात सोडू नकोस. माझी चप्पल निघाली, म्हणून मी हात सोडला. परत बघितलं तर आई नव्हतीच. देवाने मला आणलं, मग आईला का नाही आणलं? मला नाही उपकार मानायचे."

रिबका वळली, कोपऱ्यात गेली आणि आपली चटई गुंडाळायला लागली.

"अगं, कुठे निघालीस?" दीनाबाई धावल्या.

"उपकार मानले नाहीत ना मी," रिबका म्हणाली. "मग जायला नको?"

दीनाबाईंच्या जिवाचं पाणी झालं. इतके रविवार ही पोर राहण्याचं भाडं म्हणून उपकार मानत होती, आणि त्या शाबासकी देत होत्या! सणाच्या कोऱ्या लुगड्यानिशी त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"रिबका, ती आग तू लावलीस?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग हे पाप तुझं नाही. आग लावणाऱ्या मोठ्या माणसांचं आहे. चप्पल निघाली म्हणून कुणाची आई जात नसते गं."

"आणि देव?"

"देवाने का नाही आणलं, ते मला ठाऊक नाही," दीनाबाई म्हणाल्या. "पण मित्र मेला तेव्हा प्रभू येशूसुद्धा रडला होता. त्याला कुणी गप्प बस म्हटलं नाही. तुलाही कुणी म्हणणार नाही. तू गाऱ्हाणं सांगितलंस तरी इथेच राहायचं आहेस."

तेव्हा कुठे रिबकाला रडू फुटलं. डोळे पुस असं दीनाबाई एकदाही म्हणाल्या नाहीत.

मग पंगतीतून लढाईतून आलेलीच एक मुलगी उठली. "माझंपण गाऱ्हाणं आहे," ती म्हणाली, आणि रिबकाला खेटून येऊन बसली. त्या दिवशी जेवण फार उशिरा झालं, पण एकही पोर कुरकुरलं नाही.

रिबकाची आई पुढेही आली नाही. खोटं कशाला सांगायचं? रिबका त्याच मंदिरात लहानाची मोठी झाली. पंगतीची रीत मात्र गावाने बदलली. आधी वाढायचं, आधी जेवायचं. मग ज्याला उपकार मानायचे त्याने मानावे, ज्याला गाऱ्हाणं घालायचं त्याने घालावं. पुढच्याच रविवारी दीनाबाईंनी खिचडीचा पहिला डाव रिबकाच्या पानात वाढला. ती पोटभर जेवली, हात धुतले आणि म्हणाली, "आज मला काहीच सांगायचं नाही." "बरं," दीनाबाई म्हणाल्या.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: दुखावलेल्या लेकराकडून आधी उपकार मागू नयेत, आधी त्याचं गाऱ्हाणं ऐकावं, कारण देवही ते ऐकतो.