चार खुर्च्या

मिरजेत जुन्या गाड्या विकणारे खोचरेशेठ कुणाला उलट बोलू देत नसत. शालनकाकूंना ते म्हणाले, "एकट्या राहणाऱ्या पोस्टमास्तरांची गाडी आहे. मागं कधी कुणी बसलंच नाही. मीटर बघा, फक्त अठरा हजार!"

काकूंनी मीटर पाहिलाच नाही. मागचं दार उघडून त्या खोल दबलेल्या सीटवरून हात फिरवत राहिल्या.

"शेठ, आमचे हे गेले, त्या वर्षी मी घरात चार नव्या खुर्च्या घेतल्या. अकरा वर्षांत एकच झिजली. ही गाडी भाड्यानं पळालीय."

शेठ खिशातलं फडकं काढून मीटरची काच पुसू लागले.

"मीटर मागं फिरवलात तो फिरवलात," काकू दार लावत म्हणाल्या, "पण एकटं माणूस कसं राहतं, ते आधी मला तरी विचारायचं."