अप्पांनी कोंडलेलं पुस्तक

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव गेणू. गावच्या वाचनालयात झाडलोट करायचा. सांगितलं की ऐकायचा, एवढाच काय तो त्याचा दोष.

वाचनालयात एक गोष्टीचं पुस्तक आलं. त्यातला पुढारी गावचं गायरान गिळतो. नाव कुणाचंच नव्हतं, पण अध्यक्ष अप्पासाहेबांना वाटलं, तो पुढारी म्हणजे आपणच. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! ते गेणूला म्हणाले, "हे कुणाच्या हाताला लागता कामा नये. वर्धापनदिनाला तहसीलदार येतायत. तोवर नीट वागलास तर तुझी नोकरी कायम. नाहीतर घरी."

गेणूनं पुस्तक दोरीनं आढ्याला टांगलं. आता कुणाचा हात पोचतो? झालं, जन्मात वाचनालयाची पायरी न चढलेली माणसं माना वर करून बघायला आली.

अप्पांनी कपाळावर हात मारला. "गाढवा, टांगतात का? अडगळीच्या खोलीत कोंडायचं, कुलूप लावायचं, किल्ली विहिरीत टाकायची."

"बरं अप्पा."

अप्पांनी स्वतः पुस्तक खोलीत नेऊन ठेवलं. तेवढ्यात पाहुण्यांसाठी पेढे आले. "पोरांच्या हाताला लागू देऊ नकोस," एवढंच अप्पा म्हणाले. गेणूनं पेढेही त्याच खोलीत कोंडले, कुलूप लावलं आणि किल्ली विहिरीत टाकली.

कुलूप फोडावं लागलं. नवीन आणलं. अप्पा दात खाऊन म्हणाले, "अरे, काय कोंडतोयस ते आधी बघत जा. ज्यानं गाव बिघडेल तेवढंच कोंडायचं."

"बरं अप्पा."

वर्धापनदिनाला गाव जमलं. तहसीलदार यायचे होते. अप्पा लोकांना म्हणाले, "ते पुस्तक जो वाचेल तो गाव बिघडवेल."

शाळेच्या कुसुमबाईंनी विचारलं, "तुम्ही वाचलंत का पण?"

"म्हणजे काय! अक्षर न् अक्षर. दोनदा."

गेणूनं कान टवकारले.

तहसीलदारांना दाखवून बंदीच घालून घ्यावी म्हणून अप्पा पुस्तक आणायला खोलीत गेले. गेणूनं या वेळी आधी डोकावून बघितलं. आत अप्पाच होते. मग त्यानं दार लावलं, कुलूप घातलं आणि विहिरीवर जाऊन आला. आता नोकरी कायम, या विचारानं त्याला फार बरं वाटलं.

तहसीलदार आले. "अध्यक्ष कुठे आहेत?"

"कोंडलेत साहेब."

आतून दार धडाधडा वाजत होतं.

"किल्ली आण."

"विहिरीत आहे." गेणूनं हात जोडले. "पण साहेब, काळजी नसावी. अख्ख्या गावात ते पुस्तक वाचलेला हा एकच माणूस होता."